रॉल्फसाहेबाची वही

पहिला दिवस, गुरुवार : रिचमंड, हेन्रिकस

रिचमंडच्या नदीकाठाला लाल विटांच्या वखारी ओळीने उभ्या आहेत. लेकीने गाडी हळू केली आणि म्हणाली, “आई, बघ, तुझं निपाणी.”

या भागाला टोबॅको रो म्हणतात. भिंतींवर जुन्या सिगारेट कंपन्यांची नावं अजून वाचता येतात, आत मात्र आता महागडे फ्लॅट आहेत. गॅलऱ्यांत कुंड्या, सायकली. मी काच खाली करून वास घेतला. काही नाही. निपाणीत हंगामात एस.टी. स्टँडवर उतरलं की पहिली शिंक येते, मग गाव दिसतं. माझी आई वखारीत तंबाखू चाळायला जायची. तोंडाला पदर घट्ट बांधलेला असला तरी रात्री जेवताना तिच्या नाकातून खकाणा उतरायचा. आम्ही पोरं तिच्या कुशीत शिंकत शिंकत झोपायचो.

तर, तंबाखू हा माझा घरचा विषय. सहलीचं निमित्त मात्र नातीचं. ती चौथीत गेली आहे. महाराष्ट्रात चौथीला शिवाजी महाराज असतात, तसा इथे चौथीला व्हर्जिनियाचा इतिहास असतो. तिच्या पुस्तकात जॉन रॉल्फ नावाच्या माणसाला दोन ओळी आहेत : याने व्हर्जिनियात चांगली तंबाखू पिकवली आणि याने पोकाहोंटसशी, इथल्या आदिवासी मुख्याच्या मुलीशी, लग्न केलं. मी म्हटलं, एवढं मोठं राज्य ज्या पिकावर उभं राहिलं त्याच्या माणसाला दोन ओळी? जावई हसले. म्हणाले, “आई, चार दिवस सुट्टी काढतो. तुमचा रॉल्फ शोधून येऊ.” ह्यांनी लगेच पायमोजे शोधायला घेतले.

रॉल्फ मूळचा इंग्लंडातल्या नॉरफोकचा. हीचम गावच्या चर्चमध्ये ६ मे १५८५ रोजी त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. १६०९ साली तो बायकोला घेऊन ‘सी व्हेंचर’ जहाजातून निघाला, पण वादळाने जहाज बर्म्युडाच्या खडकांवर चढवलं. दीडशे माणसं त्या निर्मनुष्य बेटावर नऊ-दहा महिने राहिली. तिथे रॉल्फला मुलगी झाली, तिचं नाव त्यांनी बर्म्युडाच ठेवलं. ती तिथेच गेली. लोकांनी मोडक्या जहाजाच्या फळ्या आणि बेटावरची झाडं वापरून दोन लहान जहाजं बांधली आणि मे १६१० मध्ये ते एकदाचे व्हर्जिनियाला पोचले. त्या सुमारास बायकोही गेली. हा पंचविशीतला विधुर, पोटच्या पोरीला पुरून आलेला.

दुपारी हेन्रिकसला गेलो. सर टॉमस डेलने १६११ मध्ये जेम्स नदीच्या वळणावर वसवलेलं हे गाव. आताचं सगळं नव्याने उभं केलेलं : लाकडी कुंपण, मातीच्या भिंतींची घरं, जुन्या पोशाखातली माणसं. शेजारी वीजकेंद्राची धुराडी दिसत राहतात, त्यामुळे १६११ मध्ये फार वेळ राहता येत नाही. नदीपल्याडच्या अंगाला व्हरायना. रॉल्फचं शेत त्या बाजूला होतं. हे नावसुद्धा तंबाखूचंच. स्पॅनिश मुलखातल्या व्हेनेझुएलात बारिनास भागाची तंबाखू नावाजलेली होती, तिच्यावरून पडलेलं. म्हणजे कोणीतरी आपल्या वावराला ‘बासमती’ नाव द्यावं तसं.

इथल्या आदिवासींची तंबाखू वेगळ्या जातीची, रस्टिका. ठेंगणी आणि चवीला जहाल. इंग्लंडात तिला कोणी विचारत नव्हतं, सगळ्यांना स्पॅनिश वसाहतींतला गोडसर माल हवा होता. रॉल्फने त्रिनिदादकडचं बी मिळवलं. स्पॅनिश लोक ते परक्याच्या हाती पडू देत नसत, तरी त्याने मिळवलं. तंबाखूचं बी ज्याने पाहिलंय त्याला याचं नवल वाटणार नाही. एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार बिया बसतात. आमचे आजोबा वाफ्यात फेकताना ते राखेत कालवून घ्यायचे, नाहीतर बोटाला चिकटलेलंच अर्धा गुंठा पुरेल. एक सबंध राज्य खिशाच्या कोपऱ्यात बसतं, ते असं.

तिथे एका लहान तुकड्यात तंबाखू उभी होती, कमरेच्या वर. शेंडे खुडलेले, पण पानांच्या बेचक्यांतून फुटवे आलेले. मी बोलता बोलता दोन फुटवे मोडले. हात आपोआप गेला. जुन्या पोशाखातला तरुण धावत आला. मला वाटलं, आता दंड होतो. तर तो म्हणाला, “तुम्ही हे कुठे शिकलात?” लेकीने सांगितलं. मग त्याने मला पानाखालची हिरवी जाडजूड अळी दाखवली, शेपटीकडे शिंग असलेली, आणि तळहातावर ठेवून म्हणाला, “ही चिरडायची हे आमचं रोजचं काम.” नात किंचाळली. मोडलेला एक फुटवा मी टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकला.

पोकाहोंटसला कैदेत ठेवलं होतं ते इथेच. १६१३ मध्ये कॅप्टन सॅम्युअल आर्गलने तिला फसवून ‘ट्रेझरर’ नावाच्या जहाजावर चढवलं आणि ओलीस म्हणून आणलं. इथे पाद्री अलेक्झांडर व्हिटेकरने तिला बायबल शिकवलं, बाप्तिस्मा झाला, नाव रिबेका ठेवलं. जहाजाचं नाव मी नातीला लिहून ठेवायला सांगितलं. का, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. शिक्षिकेची सवय.

दुसरा दिवस, शुक्रवार : जेम्सटाउन

ऑगस्टच्या शेवटचं ऊन निपाणीपेक्षा वाईट असतं. घाम येतो आणि अंगावरच राहतो. बेटावर पाऊल ठेवलं तेव्हा सकाळचे साडेनऊ होते आणि हे सावली शोधू लागले होते.

जेम्सटाउन म्हणजे इंग्रजांची अमेरिकेतली पहिली कायमची वस्ती. आज जेम्सटाउन दोन आहेत, जाणाऱ्याने आधीच ठरवावं. एक राज्य सरकारने उभारलेलं, जहाजांच्या प्रतिकृती असलेलं. दुसरं खरं ठिकाण, बेटावरचं. आम्ही खऱ्या ठिकाणी गेलो. इथला १६०७ चा किल्ला नदीने गिळला असंच लोक धरून चालले होते. १९९४ मध्ये विल्यम केल्सो या पुरातत्त्वज्ञाने खणायला सुरुवात केली आणि किल्ला बराचसा जमिनीतच निघाला. अजून खणतात. दोरी लावलेल्या खड्ड्यात दोघी पोरी गुडघ्यांवर बसून ब्रशने माती झाडत होत्या.

संग्रहालयात एका चौदा वर्षांच्या मुलीची कवटी आहे. अभ्यासकांनी तिला जेन म्हटलंय. १६०९-१० च्या हिवाळ्यात इथे अन्न संपलं. कुत्री, घोडी, उंदीर, चामडं खाऊन झालं आणि मग मेलेली माणसं. तिच्या हाडांवर सुरीच्या खुणा आहेत. वसंतात रॉल्फ आणि बर्म्युडावरचे बाकीचे इथे उतरले तेव्हा साठेक माणसं उरली होती. नातीला आत नेलं नाही. ती बाहेर तिच्या आजोबांबरोबर आइसक्रीम खात बसली.

हे पाहिल्यावर कळतं की तंबाखू म्हणजे या लोकांना काय वाटली असेल. सोनं सापडलं नव्हतं, रेशीम जमलं नव्हतं, ही वसाहत चालवणाऱ्या लंडनच्या कंपनीचे भागीदार वैतागले होते. रॉल्फने १६१२ च्या सुमारास नवं बी लावून पाहिलं, १६१४ मध्ये थोडासा माल लंडनला गेला, १६१७ मध्ये वीस हजार पौंड, म्हणजे नऊ टन. आर्गल त्याच वर्षी गव्हर्नर म्हणून आला, तर गावाच्या रस्त्यांत आणि बाजारपेठेतही तंबाखू लावलेली. डेलने तर आधीच नियम केला होता की दोन एकर मका लावल्याशिवाय तंबाखू लावायची नाही. नगदी पीक आलं की माणूस ज्वारी विसरतो. इंग्लंडच्या राजाने, पहिल्या जेम्सने, १६०४ मध्येच तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहून ठेवली होती : डोळ्यांना किळसवाणी, नाकाला घाण, मेंदूला अपायकारक, फुप्फुसांना धोक्याची. चारशे वर्षांनी आमच्या पुड्यांवर छापतात त्यात याहून नवीन काय आहे? जकात मात्र राजाने सोडली नाही.

(इथे एक घरचा हिशेब मांडते. मुघल दरबारातला असद बेग विजापूरहून अकबरासाठी तंबाखू आणि हुक्का घेऊन गेला तो १६०४-०५ च्या सुमारास. तेव्हा जेम्सटाउन वसलंही नव्हतं. पोर्तुगीजांच्या कृपेने आमच्या दख्खनला हे व्यसन व्हर्जिनियाच्या आधी लागलं. हे ऐकून जावयांना फार आनंद झाला.)

लग्न झालं ते चर्च २०१० मध्ये उत्खननात सापडलं, १६०८ चं. जाड खांबांचे खड्डे मातीत दिसले त्यावरून. पोकाहोंटसचं खरं नाव आमोन्यूट, घरातलं दुसरं मटोआका. ५ एप्रिल १६१४ ला ती इथे उभी राहिली. वय सतरा-अठरा. बाप पोहाटन, तीसेक जमातींचा मुख्य, आला नाही. नात्यातला एक वडीलधारा आणि दोन भाऊ पाठवले.

“आजी, ते लव्ह मॅरेज होतं का?” नातीने विचारलं. तिने कार्टून पाहिलंय.

त्याचं उत्तर रॉल्फनेच लिहून ठेवलं आहे. लग्नाआधी त्याने गव्हर्नर डेलला परवानगीसाठी लांबलचक पत्र लिहिलं. त्यात म्हणतो की हे मी देहाच्या वासनेने करत नाही, तर या वसाहतीच्या भल्यासाठी, देशाच्या मानासाठी, देवाच्या महिम्यासाठी, माझ्या आत्म्याच्या उद्धारासाठी आणि एका धर्महीन जिवाला खऱ्या देवाकडे आणण्यासाठी. मी नातीला म्हटलं, “लग्नासाठी त्याने साहेबाकडे अर्ज केला होता गं.” लेक खो खो हसली. हसण्यासारखंच आहे, पण मला त्या पत्रात एक घाबरलेला माणूसही दिसतो. मध्येच तो कबूल करतो की मन गुंतलंय, गुंत्यातून निघता येत नाही. मग लगेच सावरून पुन्हा देव, देश, कंपनी. ज्याची बायको आणि तान्हं मूल गेलंय, त्याला एखाद्या मुलीविषयी काही वाटलं तर ते थेट लिहायची सोय त्याच्याजवळ नव्हती. तिच्या मनात काय होतं, ते तिला कोणी लिहायला सांगितलं नाही. तिचं नाव आज पुतळ्याखाली आहे, १९२२ मध्ये बसवलेला पुतळा, येणारेजाणारे हात धरतात म्हणून हात तेवढे झळझळीत. ती उभी आहे तशा पोशाखात इथल्या बायका वावरत नव्हत्या, हे मात्र खरं.

हे लग्न लागल्याने आठ वर्षं शांतता राहिली. १६१४ पासून रॉल्फ वसाहतीचा सचिव आणि नोंदणी अधिकारी झाला. म्हणजे शेतकरी आणि कारकून एकाच अंगरख्यात. १६१६ मध्ये कंपनीने त्या दोघांना आणि वर्षाच्या टॉमसला इंग्लंडला नेलं, जाहिरातीसाठी म्हणा ना. जहाज पुन्हा ‘ट्रेझरर’. जिच्यावर तिला पळवून आणलं तीच बोट. बरोबर उटमाटोमॅकिन नावाचा पोहाटनचा माणूस होता. त्याला पोहाटनने इंग्रज किती आहेत ते मोजून यायला सांगितलं होतं. तो काठीवर एकेक खाच पाडू लागला आणि लवकरच नाद सोडला. मार्च १६१७ मध्ये परतीच्या वाटेवर ग्रेव्हजेंडला पोकाहोंटस वारली. आजारी पोराला रॉल्फने इंग्लंडातच ठेवलं आणि एकटा परत आला. बापलेकांची पुन्हा भेट झाली नाही.

मग आम्ही विटांच्या जुन्या मनोऱ्यामागच्या चर्चमध्ये शिरलो. ही इमारत १९०७ ची, पण तिच्या फरशीत काचा बसवल्यात आणि काचेखाली १६१७ च्या चर्चचा पाया दिसतो. ३० जुलै १६१९ ला इथे इंग्रज अमेरिकेतली पहिली निवडलेली सभा भरली. बावीस प्रतिनिधी, गव्हर्नर, त्याचं सल्लागार मंडळ, त्यात रॉल्फ. असाच उकाडा होता. एक सभासद मधल्या मधे मेला, गव्हर्नर आजारी पडला, सहा दिवसांत सभा आटोपली.

आणि या सभेने सुरुवातीलाच काय ठरवलं? तंबाखूचा भाव! उत्तम पानाला पौंडाला तीन शिलिंग, दुय्यम पानाला अठरा पेन्स.

मी तिथल्या बाकावर बसलेच. १९८१ साली मी एकोणीस वर्षांची होते. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी आमच्या पुणे-बेंगळुरू हायवेवर ठाण मांडून बसले होते. आई भाकऱ्या बांधून द्यायची. मग एप्रिलात पोलिसांनी गोळीबार केला. माणसं मेली. त्या रात्री वखारींच्या गल्लीत कोणी दिवा लावला नव्हता. आणि इथे मळेवालेच सभासद, मळेवालेच सल्लागार, त्यांनी आपल्या मालाचा भाव स्वतः लिहून घेतला. वही ज्याच्या हातात, भाव त्याच्या हातात. ह्यांनी विचारलं, “पाणी देऊ का?” मी म्हटलं, द्या.

दुपारी वीज कडाडून पाऊस आला आणि आम्ही विल्यम्सबर्गच्या हॉटेलात पळालो.

तिसरा दिवस, शनिवार : नदीपल्याड

जेम्सटाउनहून नदी ओलांडायला सरकारी फेरी आहे, फुकट. गाड्यांसकट पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. सीगल पक्षी डोक्यावरून घिरट्या घालतात, नातीने त्यांना चकली खाऊ घातली. पलीकडे सरी परगणा, भुईमूग आणि डुकराच्या मांसासाठी प्रसिद्ध. शेंगा उकडून मिठात मुरवून विकतात, आपल्यासारख्याच. दोन पिशव्या संपल्या.

स्मिथ्स फोर्ट नावाची जागा पाहायची होती. पोहाटनने लेकीच्या लग्नात रॉल्फला दिलेली जमीन ती ही, असं सांगतात. पुढे टॉमस रॉल्फ इंग्लंडहून मोठा होऊन आला तेव्हा हिचा मालक झाला. आजचं विटांचं घर अठराव्या शतकातलं, त्याचा या लोकांशी संबंध नाही. बघायला फारसं काही नाही, खरं सांगते. झाडीत एक वाट आहे, डास आहेत.

पण टॉमसवरून जावयांनी जी गोष्ट सांगितली ती लिहिण्यासारखी आहे. व्हर्जिनियातली बडी घराणी स्वतःला टॉमसचे, म्हणजे पोकाहोंटसचे, वंशज म्हणवतात आणि मिरवतात. १९२४ मध्ये राज्याने वंशशुद्धीचा कायदा केला : रक्तात एक थेंब दुसरा असला तरी माणूस गोरा नाही. मग लक्षात आलं की या हिशेबाने आपली बडी घराणीच काळी ठरतात. तेव्हा कायद्यात पळवाट ठेवली. एक सोळांश किंवा त्याहून कमी रक्त इथल्या आदिवासींचं असेल तर माणूस गोराच. तिला पोकाहोंटस सवलत म्हणतात. आणि त्याच कायद्याने पामंकी, मॅटापोनाय या खऱ्याखुऱ्या आदिवासी जमातींच्या लोकांची कागदोपत्री ओळख पुसायचा प्रयत्न झाला. मिश्र विवाहांवरची बंदी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उडवली. जातीचे दाखले काढताना आपल्याकडे जे चालतं ते मला आठवलं, पण गाडीत विषय काढला नाही. ह्यांचा रक्तदाब.

चौथा दिवस, रविवार : पॉइंट कम्फर्ट

जेम्स नदी जिथे खाडीला मिळते तिथल्या टोकाला फोर्ट मन्रो आहे. दगडी तटबंदी, भोवती पाण्याचा खंदक, आत ओकची प्रचंड झाडं. वारा छान होता, चार दिवसांत पहिल्यांदा. हे तटावर जाऊन बसले.

ऑगस्ट १६१९ च्या शेवटी ‘व्हाइट लायन’ नावाचं जहाज इथे आलं. त्यातली माणसं अंगोलातली, एका पोर्तुगीज जहाजावरून लुटलेली. रॉल्फने जानेवारी १६२० मध्ये लंडनला कंपनीचे कारभारी सर एडविन सँडिस यांना पत्र लिहिलं. वसाहतीची खबरबात, पिकं, तक्रारी, आणि मध्येच एक ओळ : ऑगस्टच्या अखेरीस एक डच युद्धनौका आली, तिने वीस आणि काही निग्रोंखेरीज काही आणलं नाही, ते गव्हर्नरने आणि व्यापाऱ्याने धान्याच्या बदल्यात विकत घेतले. जहाज खरं इंग्रजांचंच होतं, परवाना डच. पुढे लिहितो की मागून ‘ट्रेझरर’ येतंय असं कळल्यावर मला आणि लेफ्टनंट पिअर्सला पाठवलं, पण आम्ही पोचायच्या आत ते निघून गेलं होतं.

नातीने वही उघडली. “आजी, ट्रेझरर! परत तेच!”

तेच. आणि विल्यम पिअर्स म्हणजे रॉल्फचा सासरा. त्याची मुलगी जेन ही रॉल्फची तिसरी बायको. १६२५ च्या जनगणनेत जेम्सटाउनला पिअर्सच्या घरी एक आफ्रिकी बाई नोंदलेली आहे. नाव अँजेला, जहाज ‘ट्रेझरर’. शुक्रवारी आम्ही तिच्या घराच्या जागेवरून चालत गेलो होतो, पाऊस आला म्हणून घाईने.

ती नोंद झाली तेव्हा रॉल्फ नव्हता. १० मार्च १६२२ ला त्याने मृत्युपत्र केलं. २२ मार्चला पोहाटनचा भाऊ ओपेचानकानो याने सगळ्या वस्त्यांवर एकाच सकाळी हल्ला चढवला, ३४७ इंग्रज मारले. तंबाखूला दर दोन-चार वर्षांनी नवी जमीन लागते आणि ती जमीन कोणाची तरी असते. रॉल्फ त्या वर्षातच गेला. त्याची कबर कुठेही दाखवत नाहीत.

खंदकाकाठी ‘व्हाइट लायन’मधून आलेल्या माणसांविषयी फलक आहे. तो वाचताना मला वखारीतला मुकादम दिसला. सकाळी दारात उभा राहून तो बायका मोजून आत सोडायचा आणि वहीत एकच आकडा टाकायचा. वाईट माणूस नव्हता. आईला उशीर झाला तर थांबायचा. पण आईचं नाव त्याच्या वहीत कधी नव्हतं.

“आजी, वीस आणि काही म्हणजे किती?”

तिथे उभ्या असलेल्या रेंजरबाईंनी ऐकलं. लेकीने इंग्रजीत सांगितल्यावर त्या नातीजवळ वाकल्या. म्हणाल्या, मार्च १६२० मध्ये मोजणी झाली तेव्हा वसाहतीत बत्तीस आफ्रिकी होते, पंधरा पुरुष आणि सतरा बायका.

“नावं?” नात म्हणाली.

त्यांनी मान हलवली. नातीने वहीत ३२ लिहिलं, खाली ओळीने एक ते बत्तीस आकडे टाकले आणि पहिल्यापुढे अँजेला लिहिलं. बरोबर आहे की नाही हे मी तपासलं नाही. हे तटावरून हाका मारत होते, पुढच्या बोगद्यात रविवारची गर्दी होते म्हणून.